विणणे म्हणजे नेमके काय? शालींविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात लोकरीच्या शालीचा एक साधा नमुना दिला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांत नमुन्याविषयीच्या शंका थोड्या आणि शालीविषयीचे प्रश्नच अधिक निघाले: ती आली कुठून, मागावरची शाल आणि सुयांवरची शाल यांत फरक काय, आपल्या हवेत ती वापरायची कशी. म्हणून या वेळचे सदर सगळे शालींनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे नावे न छापता केवळ गाव दिले आहे.

प्रश्न : आमचे घर तीन पिढ्या मागावरचे. सासरे चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, काम करीत. दुपारी मी सुया घेऊन बसले की ते म्हणतात, "हे विणणं नव्हे, या नुसत्या गाठी आहेत." सुयांच्या आणि क्रोशाच्या कामाला विणकाम म्हणावे की नाही? आणि यांतले जुने काम कोणते? (पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : आपल्या सासऱ्यांचा आक्षेप नीट ऐकण्यासारखा आहे, कारण तो मागावर आयुष्य काढलेल्या माणसाचा आहे. मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद आपण कितीतरी कामांना लावतो. मागावर कापड विणतात, सुयांवर स्वेटर विणतात, क्रोशाने टेबलावरचा रुमाल विणतात, सुंभाने बाज विणतात आणि बुरूड टोपलीही विणतो. बोलताना त्याने काही अडत नाही. पण कापड समजून घ्यायचे असेल, तर प्रत्येक कामात धागा काय करतो ते पाहावे लागते.

मागावर धाग्यांचे दोन संच असतात. ताण्याचे शेकडो उभे धागे आधीच ताणून बसवलेले असतात आणि बाण्याचा धागा धोट्याबरोबर त्यांच्या खालून-वरून आडवा जातो. दोन्ही धागे जवळजवळ सरळच राहतात, म्हणून चादर कितीही ओढली तरी फारशी वाढत नाही. सुयांच्या कामात ताणाही नसतो आणि बाणाही नसतो. एकच धागा असतो. त्याचा फास आधीच्या फासातून बाहेर येतो आणि पुढच्या ओळीतला फास त्याच्यातून जातो. गाठ मात्र एकही नसते, आणि सासऱ्यांचे म्हणणे मला मान्य करता येत नाही ते एवढ्यापुरतेच. घरात एखादा जुना स्वेटर असेल, तर त्याचे शेवटचे टोक सोडवून त्यांच्यासमोर ओढून दाखवा. ओळीमागून ओळ उसवत जाईल आणि धागा कुठेही न अडता हातात येईल. गाठी असत्या, तर हे झालेच नसते. चादरीच्या कडेचा धागा ओढला, तर तो एकटा निघतो आणि बाकीचे कापड जागच्या जागी राहते.

क्रोशा हा या दोहोंपेक्षा वेगळा. सुयांवर एका वेळी शंभर-सव्वाशे टाके उघडे असतात. त्यांतला एक निसटला, तर खाली शिडीसारखी रेघ पडत जाते. क्रोशाच्या आकड्यावर एका वेळी एकच फास उघडा राहतो आणि प्रत्येक खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, पुरा करूनच पुढे जायचे असते. म्हणून क्रोशाचे काम कुठेही ठेवून चुलीकडे जाता येते. परत आल्यावर फार तर दोन फास पुन्हा घालावे लागतात. क्रोशाचे कापड सुयांच्या कापडापेक्षा जाड व घट्ट होते आणि त्याला लोकरही साधारण तिसरा हिस्सा जास्त लागते.

वयाचा प्रश्न सासऱ्यांच्या बाजूने सुटतो. माग हजारो वर्षांचा आहे. मोहेंजोदडोला चांदीच्या एका भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला होता. सुयांचे काम त्यामानाने अगदी अलीकडचे. सुयांवर विणलेल्या सर्वांत जुन्या वस्तू इजिप्तमध्ये मिळाल्या. ते निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले आहेत. त्याहून जुनेही मोजे तिथे सापडले आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला एक लाल लोकरी जोड इ. स. २५० ते ४२० या काळातला असून, चपलेबरोबर घालता यावा म्हणून त्याला अंगठ्याची वेगळी खोळ आहे. तो मात्र अशा सुयांवरचा नव्हे, एकाच नेढ्याच्या सुईने फास ओवत केलेला आहे. क्रोशा तर या सगळ्यांत धाकटा. त्याचे छापील नमुने प्रथम १८२३ साली 'पेनेलोपे' या डच मासिकात आले, म्हणजे त्याला जेमतेम दोनशे वर्षे झाली. या कामाला मी विणकाम म्हणते आणि म्हणत राहीन. पण मागाचा वडीलकीचा मान सासऱ्यांना खुशाल द्यावा.

प्रश्न : शाल मुळात काश्मीरची आणि तीही मागावरची, असे वाचले आहे. मग सुयांवर शाल विणण्याची कल्पना कुठून आली? आणि शालीच्या कोयरीला माझी नात 'पेजली' म्हणते, ते काय आहे? (बार्शी)

उत्तर : आपले वाचन बरोबर आहे. 'शाल' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि त्या शब्दामागची खरी वस्तू काश्मीरची. लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरहून उंच, थंड आणि कोरड्या प्रदेशात ज्या शेळ्या राहतात, त्यांच्या राठ केसांखाली हिवाळ्यात मऊ लव वाढते. थंडी सरताना ती विंचरून काढतात. हेच पश्मिना. तिच्या सुताची शाल श्रीनगरच्या मागांवर उतरे. कानी शालीत तर धोटाच नसतो. प्रत्येक रंगाचे सूत लाकडाच्या बारीक काडीवर गुंडाळलेले असते आणि नक्षीपुरतेच ते ताण्यातून फिरवून मागे घेतात. किती ताण्यांवर कोणता रंग घ्यायचा, हे 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेले असते आणि कारागीर ते वाचून विणतो. आपण "तीन सुलट, दोन एकत्र" असे पुटपुटत नमुना वाचतो, त्याचीच ही थोरली बहीण. अशा एका शालीला वर्षाहूनही अधिक काळ लागत असे.

अकबराच्या दरबारात दोन शाली पाठीला पाठ लावून पांघरण्याची पद्धत होती, म्हणजे उलटी बाजू दिसतच नसे. दोशाला तो हाच, आणि आपली शालजोडी त्याच घराण्यातली. पेशवाईत मानाच्या पोशाखात शालजोडी दिली जाई, आणि आज सत्काराला शाल-श्रीफळ देतो तेव्हा आपण तोच मान छोट्या आकारात पुढे चालवतो. 'शालजोडीतले' देणे हा वाक्प्रचार कानावर आला की मला नेहमी वाटते, भाषेने या वस्त्राचा मऊपणा किती अचूक हेरला आहे.

नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेनंतर, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, या शाली फ्रान्समध्ये लोकप्रिय झाल्या. सम्राज्ञी जोसेफिनच्या शालींचा तर बोलबाला होता. मागणी इतकी वाढली आणि किंमत इतकी होती, की युरोपात नकला होऊ लागल्या. स्कॉटलंडमधले पेझली हे गाव त्यात सर्वांत पुढे गेले, आणि आपल्या कोयरीला इंग्रजीत त्या गावाचेच नाव चिकटले. नातीची चूक नाही, पण कोयरी ही कोयरीच आहे, हे तिला जरूर सांगा. नक्षी काश्मीरने घडवली आणि नाव मात्र नक्कल करणाऱ्या गावाचे लागले.

इथे एक गोष्ट सोलापूरकरांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॅकार्ड यंत्र तयार झाले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून ते कोणते ताणे उचलायचे हे ठरवते. पेझलीच्या विणकरांनी काश्मिरी नक्षी उतरवण्यासाठी हेच यंत्र घेतले. सोलापुरी चादरीवरची फुले, मोर आणि अक्षरे याच जॅकार्डवर उमटतात. पहिल्या पत्रातल्या सासऱ्यांच्या डोक्यावर कारखान्यात जी पुठ्ठ्यांची माळ फिरत असे, तिचा आणि काश्मिरी शालीचा संबंध असा आहे.

काश्मीरच्या कारागिरांना या भरभराटीतून फारसे मिळाले नाही. शालींवर दागशाल नावाचा जबर कर होता. त्याविरुद्ध २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरमध्ये शालबाफ, म्हणजे शाल विणणारे कारागीर, रस्त्यावर आले, तेव्हा सैन्य पाठवून त्यांना चिरडण्यात आले आणि काहींचे जीव गेले. पुढे १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात मुख्य बाजार कोसळला, बायकांच्या पोशाखाची पद्धत बदलली आणि १८७७ ते १८७९ च्या दुष्काळाने उरलेसुरले कारागीरही देशोधडीला लागले.

सुयांवरची शाल याच काळात पुढे आली. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटे आहेत. तिथे पुरुष मासेमारीला समुद्रावर असत आणि बायका पाठीवर इंधनाची टोपली घेऊन चालतानाही हातांनी मोजे विणीत. शालींची हौस सगळीकडे पसरल्यावर, १८४० च्या सुमारास, त्यांनी मोज्यांची लोकर अधिकाधिक बारीक कातून जाळीच्या शाली विणायला सुरुवात केली. त्यांतल्या उन्स्ट बेटावरच्या शाली सर्वांत नाजूक. विणून झाल्यावर त्या ओल्या करून लाकडी चौकटीवर ताणून बसवीत, आणि तेव्हा कुठे जाळी उमलून दिसे. रशियात ओरेनबर्गच्या बायका शेळीच्या लवेची, तर एस्टोनियात हापसालूच्या बायका उठावदार दाण्यांची शाल विणीत. म्हणजे मागावरच्या शालीला राजदरबाराने वाढवले आणि सुयांवरच्या शालीला गरीब घरांतल्या बायकांनी. मला ही दुसरी कथा जास्त जवळची वाटते.

प्रश्न : आपल्या भागात शाल नव्हतीच का? (सांगोला)

उत्तर : सांगोल्याहून हा प्रश्न यावा याचे नवल वाटले, कारण उत्तर आपल्या दारात आहे. घोंगडी ही आपली शाल. दख्खनी मेंढीची लोकर धनगर कातरतात, घरच्या बायका ती कातून सूत काढतात आणि सनगर ती खड्ड्याच्या मागावर विणतात. विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करतात, आणि वापराने ती हळूहळू मऊ येते. ही लोकर राठ असते आणि उघड्या कातडीला टोचते. पण पावसाचे पाणी ती चटकन आत घेत नाही, म्हणून मेंढपाळ तिची खोळ करून पावसात उभा राहतो. अंथरायला तीच, पांघरायला तीच आणि देवापुढे बसायलाही तीच. पश्मिन्याशी तिची तुलना करून तिला कमी लेखू नये. तो बर्फाळ पठारावरचा धागा आहे आणि ही माळरानावरची.

प्रश्न : प्रदर्शनात एका विक्रेत्याने शाल अंगठीतून ओढून दाखवली आणि अस्सल पश्मिना म्हणून मोठ्या किमतीला दिली. ही परीक्षा खरी मानावी का? (जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. अंगठीतून कोणतेही पातळ आणि गुळगुळीत कापड जाते. बारीक कृत्रिम धाग्याची शाल तर अस्सल शालीपेक्षाही सहज जाईल. शेटलंडची सुयांवरची शालही अंगठीतून जाते आणि ओरेनबर्गचीही, पण त्यांपैकी एकही पश्मिना नव्हे. अंगठीच्या परीक्षेतून कळतो तो केवळ कापडाचा बारीकपणा.

पश्मिन्याचा तंतू साधारण १२ ते १६ मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस ७० च्या आसपास. घरी करता येण्याजोगी एक परीक्षा म्हणजे झालरीतला एकच धागा तोडून, तो चिमट्यात धरून काडीने पेटवणे. लोकर किंवा पश्मिना असेल, तर केस जळल्याचा वास येईल आणि मागे चुरडता येणारी राख राहील. ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर वितळेल आणि त्याचा कडक मणी होईल. मात्र यातून लोकर की कृत्रिम धागा एवढेच ठरते. साधी लोकर की पश्मिना हे ठरवायला प्रयोगशाळाच लागते.

अंगठीची गोष्ट अधिक करून शाहतूशच्या बाबतीत सांगितली जाते, म्हणून एक इशारा देते. शाहतूश ही अतिशय बारीक लोकर तिबेटी चिरू हरणापासून मिळते आणि त्यासाठी ते जनावर मारावेच लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तिचा व्यापार हा गुन्हा आहे. कोणी हळूच "अंगठीची शाल आहे" म्हणून दाखवू लागला, तर तिथून उठावे.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. तिच्यासाठी स्वतः शाल विणायची इच्छा आहे. लोकर तिला टोचते. सोलापूरच्या हवेला काय योग्य, किती लोकर लागेल आणि नमुना कोणता घ्यावा? (होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर : आपल्याकडे थंडी म्हणावी ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि पहाटे, फार तर गड्ड्याची यात्रा आटोपेपर्यंत. म्हणून जाड शाल विणू नये. हलकी शाल वर्षभर उपयोगी पडते: एसटीच्या रात्रीच्या प्रवासात, दवाखान्याच्या थंड खोलीत, पंखा सोसवत नाही अशा दुपारी. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत ठेवा, कारण म्हाताऱ्या खांद्यांना वजन लगेच जाणवते.

धाग्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. परवडत असेल, तर मेरिनो मेंढीची मऊ लोकर घ्या. तिचा तंतू बारीक असल्याने ती बहुतेकांना टोचत नाही. विकत घेण्याआधी गुंडा मानेला लावून थोडा वेळ ठेवून पाहा, हाताला मऊ लागलेली लोकर मानेला टोचू शकते. सुती धागा हवेला चांगला, पण तो जड असतो आणि त्याची शाल लोंबून लांब होते, म्हणून सूत व ॲक्रिलिक मिश्र धागा मधला मार्ग ठरतो. निव्वळ ॲक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपे; पण आगीजवळ ते पेट घेऊन वितळते आणि कातडीला चिकटते. आई स्वयंपाकघरात वावरत असेल किंवा देवापुढे निरांजन लावत असेल, तर शुद्ध ॲक्रिलिकची लोंबती शाल तिला देऊ नका. लोकर सहसा भडकून पेटत नाही आणि ज्योत दूर केली की विझते.

१०० ग्रॅमला सुमारे ४०० मीटर भरेल असा धागा घेतला, तर ६० सेंमी रुंद आणि १८० सेंमी लांब शालीला २०० ते २५० ग्रॅम पुरतो. सुई ४ मिमीची घ्या. दुकानातल्या जुन्या क्रमांकात ती ८ नंबरची. या क्रमांकात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, हे नव्याने शिकणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. आधी हातभर नको, पण वीतभर तुकडा विणून, धुऊन, वाळवून १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. २० टाके बसले, तर ११४ टाक्यांची शाल ५७ सेंमी रुंद होईल. हात घट्ट असेल आणि २२ बसले, तर तीच शाल जेमतेम ५२ सेंमी भरेल. या वीतभर तुकड्याचा कंटाळा करून पुढे पूर्ण शाल उसवणाऱ्या बायका मी शिकवणीत खूप पाहिल्या आहेत.

नमुना म्हणून मी शेटलंडचा लाटांचा नमुना सुचवते. तो चार ओळींचा आहे आणि त्यात विणायला अवघड अशी ओळ एकच. ११४ टाके घाला. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलट राहतील आणि मध्ये १८-१८ टाक्यांचे सहा गट होतील. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी ओळ कडा सोडून उलट. तिसऱ्या ओळीत प्रत्येक गटासाठी दोन-दोन टाके एकत्र असे तीन वेळा विणा. मग लोकर सुईवरून पुढे घेऊन एक सुलट, असे सहा वेळा. मग पुन्हा दोन-दोन एकत्र तीन वेळा. चौथी ओळ सगळी सुलट. याच चार ओळी शेवटपर्यंत करायच्या.

तिसऱ्या ओळीत काय घडते ते जरा थांबून पाहा. दोन-दोन एकत्र विणल्याने गटात सहा टाके कमी होतात आणि लोकर पुढे घेतल्याने सहा वाढतात, म्हणून संख्या १८ च राहते. पण कमी होतात ते कडांना आणि वाढतात ते मध्यावर. मधला भाग पंख्यासारखा पसरतो, कडा आत ओढल्या जातात आणि सरळ ओळ आपोआप लाटेसारखी वाकते. नमुना चुकला की काय ही शंका आली, तर प्रत्येक गटाचे टाके मोजा. १८ भरले तर सगळे ठीक. याची भोकेही लहान असतात, म्हणून आईच्या पाटल्या-बांगड्या त्यांत अडकणार नाहीत. मोठ्या जाळीची शाल म्हाताऱ्या माणसाला देऊ नये, त्याचे एक कारण हेच.

१६५ सेंमी झाले की थांबा आणि टाके सैल हाताने बंद करा. शाल कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, न पिळता पंचात गुंडाळून दाबा आणि जाजमावर ताणून, कडांना न गंजणाऱ्या टाचण्या लावून वाळू द्या. लोकर असेल, तर लाटा ताणून तशाच राहतील. ॲक्रिलिकवर या ताणण्याचा फारसा परिणाम टिकत नाही, आणि त्याच्यावर गरम इस्त्री मुळीच फिरवू नका.

प्रश्न : यजमान निवृत्त शिक्षक. सत्कारात मिळालेल्या तीसेक शाली कपाटात आहेत. त्या उसवून त्यांच्या लोकरीचे काही विणता येईल का? (पंढरपूर)

उत्तर : येणार नाही. पहिल्या उत्तरात सांगितले तेच कारण: त्या मागावरच्या आहेत. ताणा आणि बाणा सुटे केले, तर शालीच्या रुंदीएवढे किंवा लांबीएवढे तुकडे हाती येतील, सलग धागा नव्हे. त्या धुऊन वृद्धाश्रमात किंवा थंडीत उघड्यावर झोपणाऱ्यांना द्याव्यात. जुना स्वेटर मात्र जरूर उसवता येतो. शिवण आतून पाहा, ती कापून शिवलेली असेल तर धागा तुकड्या-तुकड्यांनी निघतो, टाके जोडून केलेली असेल तर सलग निघतो. उसवलेल्या लोकरीची लडी करून, धुऊन, खाली लहानसे वजन टांगून वाळवली, की तिचे वेटोळे सरळ होतात.

प्रश्न : आजीने क्रोशाने विणलेल्या लोकरी शालीला कसर लागून दोन भोके पडली आहेत. ती वाचवता येईल का? (अक्कलकोट)

उत्तर : येईल, पण सुई हातात घेण्याआधी कसर थांबवा. शाल उन्हात उलटसुलट झटका, मऊ ब्रशने दर घडीतून झाडा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. मग थंड पाण्यात लोकरीच्या साबणाने धुवा.

पाणी थंडच घ्या, हे मी आग्रहाने सांगते. माझ्या आईने माझ्या पहिल्या बाळंतपणात विणलेली शाल मी एकदा बंबातल्या गरम पाण्यात भिजवून साबणाने चोळली. बाहेर काढली तेव्हा ती निम्म्या आकाराची, जाड आणि कडक झाली होती. टाकेसुद्धा ओळखू येईनात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, साबण आणि चोळणे ही तिन्ही एकत्र आली, की ते खवले एकमेकांत अडकून बसतात आणि पुन्हा सुटत नाहीत. ती शाल आजही माझ्याकडे आहे, पण ती पांघरता येत नाही.

आता भोक. शाल चौकोन जोडून केलेली असेल, तर खराब झालेला चौकोन सगळाच सोडवून नवा विणून बसवा. शेजारच्या चौकोनांना धक्का लागत नाही. सलग विणलेली असेल, तर भोकाभोवतीचे कुरतडलेले धागे धड खांब लागेपर्यंत सोडवा, उघडे फास वेगळ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून ठेवा आणि खालच्या ओळीपासून खांब भरत वर या. लोकर दुकानातून आणू नका. नवी लोकर जुन्या रंगाला मिळत नाही. शालीच्या काठाची शेवटची ओळ उसवा. ती लोकर त्याच वयाची असल्याने डागडुजी दिसून येत नाही, आणि काठाला हवी तर नवी ओळ घाला. कसर घाम आणि अन्न यांच्या डागांवर आधी जाते, म्हणून वापरलेली शाल न धुता कधीही ठेवू नये. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याची पुरचुंडी ठेवा आणि दर दोन महिन्यांनी घडी मोडून नवी घाला.

प्रश्न : ओळखीच्या एका बाईंनी माझ्याकडून क्रोशाची मोठी शाल विणून मागितली आणि लोकरीचे पैसे धरून आठशे रुपये देऊ केले. बाजारात मशीनची शाल याहून स्वस्त मिळते, असे त्या म्हणाल्या. काय उत्तर द्यावे? (विजापूर रस्ता, सोलापूर)

उत्तर : आधी एक गोष्ट त्यांना सांगा: क्रोशा मशीनवर होत नाही. सुयांच्या कामाचे यंत्र विल्यम ली याने इंग्लंडमध्ये १५८९ सालीच मोज्यांसाठी बनवले आणि आजचे हौजिअरीचे कापड त्याच वंशातले आहे. क्रोशाचा टाका मात्र आजही हातानेच पडतो. मशीनवर होते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. म्हणून बाजारात अस्सल क्रोशाचे कापड फार स्वस्त दिसले, तर त्यामागे कोण्या बाईला फार कमी पैसे मिळालेले असतात.

हे आजचे नव्हे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्क आणि क्लोन्स या भागांत बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि तिच्यावर अनेक घरे तगली. ती लेस श्रीमंतांच्या कपड्यांवर लागली. करणाऱ्या झोपडीतच राहिल्या. शेटलंडच्या बायकांना तर व्यापारी रोख पैसेच देत नसत, शालीच्या बदल्यात चहा आणि कापड देत. त्याची सरकारी चौकशी १८७२ साली झाली. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरला ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस रुजवली. तिथल्या बायका आजही घरात बसून ती करतात आणि "रिकाम्या वेळात करते" या एका शब्दामुळे त्यांच्या कामाला मजुरी म्हणून मोजलेच जात नाही.

आपण तो शब्द वापरू नका. एक वही घ्या. आज चौकोन विणायला बसाल तेव्हा सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा. असे पाच चौकोन करून सरासरी काढा, शालीत जितके चौकोन आहेत तितक्यांनी गुणा, जोडणीचे आणि काठाचे तास त्यात घाला. चौकोनाला चाळीस मिनिटे लागली आणि शालीत ऐंशी चौकोन असतील, तर नुसत्या चौकोनांचेच त्रेपन्न तास होतात. त्या तासांना आपल्या गावात शिवणकाम करणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते, तिच्याहून कमी दर लावू नका. लोकरीची पावती वेगळी दाखवा. मग ती वही बाईंच्या हातात द्या आणि त्यांना वाचू द्या.